कोरपन्याचा पोटखराबा

चांद्याकडे जाणारा प्रवासी हल्लीं बहुधा एकाच हेतूनें जातो. ताडोब्याचा वाघ पाहावा, त्याचें छायाचित्र घ्यावें आणि परतावें. आम्हीहि त्याच हेतूनें दोनदां गेलों होतों, आणि दोन्ही खेपांस वाघानें आम्हांस दर्शन दिलें नाहीं. गेल्या आश्विनांत आमची तिकडे तिसरी खेप झाली ती मात्र अगदींच निराळ्या कारणानें. आमचे एक जुने स्नेही शिक्षकाचा पेशा संपवून कोरपना येथें वडिलोपार्जित शेतीवर जाऊन राहिले आहेत. त्यांचें पत्र आलें. प्रकृतीची चौकशी, पावसाचें मान इत्यादि नेहमींचा मजकूर झाल्यावर शेवटीं लिहिलें होतें: "शेताच्या मधोमध जो दोन एकरांचा पाणथळ तुकडा आहे तो बुजवावा कीं राखावा, यावरून घरांत दोन पक्ष पडले आहेत. मुलें बुजवा म्हणतात, त्यांची आई राखा म्हणते. मी मध्यें अडकलों आहें. आपण उभयतांनीं एकदां येऊन पाहून जावें. दिवाळीपूर्वीं घरांतला तंटा तरी मिटेल."

दुसऱ्याच्या घरच्या तंट्यांत पडूं नये हें शहाणपण आम्हांस ठाऊक आहे. परंतु चिखलाच्या एका तुकड्यापायीं घरांत दोन तट पडावे, हें वाचून कुतूहल अनावर झालें आणि आम्ही उभयतां निघालों.

चंद्रपुरास पोहोंचलों तेव्हां रात्र झाली होती. मुक्काम एका आप्तांकडे, शहराच्या तुकुम नांवाच्या भागांत होता. सकाळीं चहा घेतां घेतां आम्हीं त्या नांवाचा अर्थ विचारला. यजमान म्हणाले, "येथें राहून तीस वर्षें झालीं, पण अर्थ कोणी विचारला नव्हता." अर्थ मात्र मोठा मनोरम आहे. गोंड राजवटींत जो कोणी रान तोडून तळें बांधील, त्यास त्या तळ्याच्या पाण्यानें जेवढी जमीन भिजेल तेवढी जमीन बक्षीस तोडून देण्याची चाल होती. अशा देणगीस तुकुम म्हणत. चांद्याच्या हिरशहा राजाचें नांव या चालीशीं जोडलें जातें. म्हणजे जो पाणी अडवील त्याला राजा जमीन देई. आज त्या नांवाच्या वस्तींत रिक्षा, दुकानें आणि सिमेंटचीं घरें आहेत. तुकुम हा शब्द तेवढा राहिला आहे.

शहराच्या तटाला लागून गोंड राजांनींच बांधविलेला रामाळा तलाव आहे. जातां जातां आम्हीं तो पाहिला. ज्या पाण्यानें शहर शोभावें त्याच पाण्यांत शहराचें सांडपाणी येऊं लागलें, आणि २०२१ सालीं श्री. बंडू धोतरे यांना त्या तलावाच्या उद्धारासाठीं उपोषणास बसावें लागलें. तळें सर्वांचें असलें म्हणजे त्याची काळजी कोणीं घ्यावी, हा प्रश्न आमच्या प्रवासाच्या पहिल्याच दिवशीं असा समोर उभा राहिला.

चंद्रपुराहून राजुऱ्याकडे जातांना वर्धा नदी ओलांडावी लागते. पूल लहानसा नव्हे, पण मोटारीनें तो दोन क्षणांत संपतो. पूर्वीं मात्र तो दोन राज्यांमधला उंबरठा होता. नदीच्या पूर्वेस इंग्रजांचा मध्यप्रांत आणि पश्चिमेस निजामाचें राज्य. राजुरा आणि त्याच्या भोंवतालचा हा सारा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यांत असे. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं हा भाग नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ सालीं चांद्याला. म्हणूनच येथील जुन्या माणसांच्या बोलण्यांत उर्दू आणि तेलुगु शब्द सहज येतात, आणि म्हणूनच नदीपलीकडे जी मालगुजारांचीं तळीं पदोपदीं दिसतात तीं इकडे दिसत नाहींत. हा फरक आमच्या गोष्टींत पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

राजुऱ्यापुढें जमीन काळी होत जाते. कपाशी, तूर आणि सोयाबीन यांचीं शेतें दोहों बाजूंस पसरलेलीं. दक्षिणेकडे माणिकगडाचे डोंगर निळसर दिसूं लागतात. त्या पहाडावर गोंड आणि कोलाम लोकांचीं गांवें आहेत. गडचांदूर आलें कीं सिमेंटच्या कारखान्यांचे उंच मनोरे दिसतात. या काळ्या मातीखालीं चुनखडीचा थर आहे. वर पीक आणि खालीं सिमेंट, अशी येथील जमिनीला दुहेरी किंमत आली आहे. पुढें कोरपना. तालुक्याचें गांव असलें तरी बाजार आटोपशीर. येथून एक रस्ता वणीकडे आणि दुसरा आदिलाबादेकडे जातो. बाजारांत कापसाच्या गाड्यांबरोबर तिन्ही भाषा ऐकूं येतात.

आमच्या स्नेह्यांचें शेत गांवापासून थोड्या अंतरावर आहे. एकंदर बारा एकर. त्याच्या मध्यावर जमीन बशीसारखी खोलगट झाली आहे, आणि तेंच तें वादग्रस्त लवण. वरच्या उताराचें पाणी पावसाळ्यांत येथें उतरतें व माघापर्यंत राहतें. आम्ही गेलों तेव्हां सकाळची वेळ होती. कांठावर लव्हाळे आणि पाणकणीस, मध्यें पोयणीचीं पानें, आणि त्या पानांवरून लांब बोटांचा एक कमळपक्षी जणूं जमिनीवरून चालावें तसा चालत होता. एक ढोकरी चिखलाच्या रंगाशीं एकरूप होऊन बसली होती. ती उडाली तेव्हां तिचे पांढरे पंख दिसून आमच्या सौभाग्यवती दचकल्या. एका बाजूस मात्र जांभळट फुलांचें बेशरम दाट माजलें होतें. हें झुडूप मूळचें दक्षिण अमेरिकेंतलें. नांवाप्रमाणें कितीहि तोडा, पुन्हां उगवतें, आणि जेथें तें माजतें तेथें दुसऱ्या पाणवनस्पतींना जागा उरत नाहीं.

घरीं आल्यावर स्नेह्यांनीं सातबाराचा उतारा आमच्यापुढें ठेवला. त्यांत या तुकड्यापुढें लिहिलें होतें: पोटखराबा. सरकारी दफ्तरांत शेताच्या पोटांत पडलेल्या नापीक जागेला हा शब्द आहे. तिच्यावर सारा नाहीं आणि तिच्यावर पीकहि नोंदलें जात नाहीं. तिचे दोन वर्ग आहेत. जी जागा नुसती लागवडीस अयोग्य ती 'अ' वर्गांत, आणि जी रस्ता, स्मशान, सार्वजनिक तळें किंवा ओढा यांसाठीं गुंतलेली ती 'ब' वर्गांत. २०१८ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन 'अ' वर्गाची जमीन शेतकऱ्यानें कष्टानें लागवडीस आणली असेल तर तिची तशी नोंद करून घेण्याची सोय झाली. तशी नोंद झाली कीं त्या क्षेत्रावर कर्ज मिळतें, विमा मिळतो, नुकसानभरपाई मिळते. ज्या गरीबानें खडकाळ माळ फोडून शेत केलें त्याच्यावरचा अन्याय या दुरुस्तीनें दूर झाला, यांत शंका नाहीं. पण खडक आणि पाणथळ जागा एकाच शब्दाखालीं मोडतात, आणि पाणथळ जागा बुजविणाऱ्यालाहि तोच लाभ होतो.

रात्रीं ओटीवर दोन्ही पक्षांची कैफियत झाली. थोरल्या चिरंजीवांनीं शेतकीचें शिक्षण घेतलें आहे. त्यांचें बोलणें मुद्देसूद होतें. "काका, बारा एकरांतले दोन एकर म्हणजे सहावा हिस्सा. पाणी पाझरून भोंवतालची अर्धा एकर जमीन चिबडते ती वेगळीच. एक ठेकेदार खाणीवरची माती आणून टाकायला तयार आहे. एकदां भरली कीं सोयाबीन घेतां येईल. शेजारी दर वर्षीं भांडतो कीं तुमच्या पाण्यानें माझी तूर मरते. आम्हीं पक्ष्यांना पोसायचें, तर आम्हांला कोणीं पोसायचें?" सूनबाई हळूच म्हणाल्या, "आणि डांस? बाळ दोन वर्षांचा आहे. या भागांत हिंवतापाचें भय कांहीं खोटें नाहीं." या आक्षेपांतला एकहि आम्हांस फुसका वाटला नाहीं.

वहिनी मात्र शांतपणें ऐकत होत्या. त्यांचें माहेर सिंदेवाहीकडचें, म्हणजे नदीच्या पलीकडच्या, तळ्यांच्या मुलखांतलें. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तळें आहे म्हणून गांव आहे. येथें मी सून होऊन आलें तेव्हां या जागेला खराबा म्हणतात हें ऐकून मला हंसूं आलें होतें. भावजी, शेजारच्या विहिरी फाल्गुनांत खडखडतात. आमची विहीर लवणाच्या खालच्या अंगाला आहे, ती चैत्र संपेपर्यंत आटत नाहीं. २०२२च्या जुलैंत वर्धा-पैनगंगेला महापूर आला, त्या पावसांत वरच्या उताराचें सारें पाणी या लवणांत थांबलें, म्हणून गोठ्यांत शिरलें नाहीं. हें मुलांच्या हिशेबांत कोठें आहे?"

वहिनींच्या माहेरच्या मुलखाविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुनीं तळीं आहेत. गोंड राजांच्या उत्तेजनानें आणि कोहळी लोकांच्या कसबानें तीं उभीं राहिलीं. नवेगांव बांधाचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनीं अठराव्या शतकांत बांधविला असें सांगतात. पुढें इंग्रजी अमदानींत मालगुजार गांवाचे मालक झाले आणि तळींहि त्यांचीं झालीं. मालगुजार सारे सज्जन होते असें नव्हे. परंतु तळें फुटलें तर सारा बुडेल हें ते जाणून होते, म्हणून दर उन्हाळ्यांत पाळ दुरुस्त होई आणि गाळ उपसून कुळांच्या शेतांत पडे. गांवकऱ्यांना पाणी, मासे, गवत व माती यांचे निस्तार हक्क असत. १९५० सालच्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली, आणि ३१ मार्च १९५१ पासून, ज्यांवर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता अशीं थोडीं खासगी तळीं सोडून, बाकीचीं सरकारजमा झालीं. कुळांची सुटका झाली हें योग्यच झालें. परंतु तळ्याचा धनी गेला आणि त्याच्या जागीं कोणी आला नाहीं. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनाचीं तळीं जिल्हा परिषदेकडे व त्यांहून मोठीं पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. कागदोपत्रीं त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणत. त्याचें संक्षिप्त रूप 'मामा तलाव' असें झालें. नांव आपुलकीचें झालें खरें, पण पुष्कळ मामांच्या पोटांत गाळ सांचला आणि अंगावर बेशरम वाढलें.

तीं तळीं पुन्हां जिवंत करण्याचें काम कांहीं ठिकाणीं झालें आहे. गोंदिया जिल्ह्यांतल्या अर्जुनी मोरगांवच्या परिसरांत श्री. मनीष राजनकर आणि त्यांचें भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ यांनीं ढिवर समाजाला बरोबर घेऊन तें आरंभिलें. त्यांची रीत शिकण्याजोगी आहे. यंत्र लावून तळें खोल खणलें कीं पाणी अधिक मावतें, पण उथळ कांठ नाहींसा होतो. पाणवनस्पती त्या उथळ कांठावर वाढतात, त्यांच्या आश्रयानें देशी मासे अंडीं घालतात, त्या माशांवर पक्षी व ढिवर जगतात. म्हणून या मंडळींनीं बेशरम मुळासकट काढलें, तळ्याचा तळ नांगरला आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा पाण्यांतल्या वनस्पती आणून लावल्या. ढिवरांच्या म्हाताऱ्या माणसांना कोणती वनस्पती कोठें लागते हें ठाऊक होतें. त्यांचें ज्ञान हीच त्या कामाची मुख्य शिदोरी होती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही स्नेह्यांसह एका कचेरींत गेलों. तेथील तरुण अधिकारी मोठे आदबशीर होते. त्यांनीं योजनांची यादीच वाचून दाखविली. शेततळें खणावयाचें असेल तर २०१६ सालच्या 'मागेल त्याला शेततळें' योजनेंत ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान होतें; २०२२ पासून तें ७५,००० रुपयांपर्यंत वाढलें आहे, आणि प्लॅस्टिकच्या अस्तरालाहि साहाय्य मिळतें. २०१७ सालीं निघालेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०२३ सालीं पुन्हां सुरू झाली; तींत लहान शेतकऱ्यास धरणांतला अथवा तलावांतला गाळ शेतांत नेऊन पसरण्यासाठीं एकरीं १५,००० रुपये, अडीच एकरांपर्यंत मिळतात. गांवाला तळें हवें असेल तर २०२२ची 'अमृत सरोवर' मोहीम होती. तींत प्रत्येक जिल्ह्यांत ७५ तळीं, प्रत्येक किमान एक एकराचें. आमचे स्नेही म्हणाले, "हें सारें उत्तम. पण माझ्या शेतांत पाणी आहेच, तें मला राहूं द्यायचें आहे. त्याला कांहीं?" अधिकारी क्षणभर थांबले व प्रामाणिकपणें म्हणाले, "गुरुजी, ओली जमीन ओली ठेवण्यासाठीं आमच्या यादींत रकानाच नाहीं. ती बुजवून शेततळें खणा, मग प्रकरण करतां येईल."

हें ऐकून आम्हांस हंसावें कीं रडावें तें कळेना. कायद्याकडे पाहावें तर तेथेंहि तीच गत. पाणथळ जागांविषयीं १९७१ सालीं इराणांतील रामसर येथें राष्ट्रांचा करार झाला. भारत त्यांत १९८२ सालीं सामील झाला. महाराष्ट्रांतून नांदूर मधमेश्वर, २०२० सालीं लोणार व २०२२ सालीं ठाण्याची खाडी हीं त्या मानाच्या यादींत गेलीं. २०१७च्या पाणथळ नियमांत मात्र भातखाचरें व सिंचनासाठीं माणसानें बांधलेलीं तळीं वगळलेलीं आहेत. म्हणजे वहिनींच्या माहेरचीं तळीं बाहेर राहिलीं. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ज्या दोन लाखांवर पाणथळ जागांना संरक्षण दिलें त्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या होत्या. आमच्या स्नेह्यांचा तुकडा एक हेक्टराचाहि नाहीं. म्हणून तोहि बाहेर.

अमेरिकेंत या प्रश्नाकडे निराळ्या रीतीनें पाहिलें गेलें. तेथेंहि शंभर-दीडशें वर्षें सरकारनेंच दलदली कोरड्या करण्यास शेतकऱ्यांना उत्तेजन दिलें. मग चूक उमगली. १९८५च्या कायद्यानें असें ठरलें कीं जो शेतकरी पाणथळ जागा मोडून पीक घेईल त्याचीं सरकारी साहाय्यें बंद व्हावीं. परंतु नुसत्या धाकानें भागत नाहीं हें जाणून १९९० सालीं दुसरी योजना आली, व २०१४ सालीं ती मोठ्या कार्यक्रमांत समाविष्ट झाली. तिचें स्वरूप असें: जमीन मालकाचीच राहते, शिकार, मासेमारी, कोणाला आंत येऊं द्यावें न द्यावें, हे हक्क त्याचेच. त्यानें फक्त तेथें पीक न घेण्याचा व पाणी राहूं देण्याचा करार करावयाचा. करार कायमचा असेल तर सरकार त्या हक्काची पूर्ण किंमत देतें आणि जमीन पूर्वस्थितीस आणण्याच्या खर्चाचा पाऊण हिस्सा किंवा सर्व खर्च सोसतें. तीस वर्षांचा असेल तर निम्म्यापासून पाऊण हिश्शापर्यंत देतें.

हें जसेंच्या तसें आपल्याकडे आणावें असें आम्ही म्हणत नाहीं. तेथील शेतकऱ्याला शेकडों एकर असतात. बारा एकरांच्या धन्यानें दोन एकर कायमचे लिहून द्यावे, हें त्याच्या नातवांवर ओझें होईल. परंतु त्या योजनेच्या मुळाशीं जो न्याय आहे तो आम्हांस पटतो. लवणांतलें पाणी खालच्या चार विहिरींना पोहोंचतें, पुराचा जोर ओसरवतें, पक्ष्यांना आणि माशांना थारा देतें. म्हणजे लाभ गांवाचा, आणि नुकसान एका घराचें. अशा वेळीं त्या घराला "निसर्गावर प्रेम करा" असा उपदेश करणें सोपें आहे, पण उचित नव्हे. हिरशहाला हें कळत होतें. त्यानें उपदेश केला नाहीं, जमीन दिली. आजच्या सरकारनें जमीन देऊं नये. पण पांच-दहा वर्षांच्या करारानें वर्षाकांठीं पिकाच्या तोट्याइतकी रक्कम द्यावी, आणि सातबारावर पोटखराब्याऐवजीं 'पाणथळ' असा स्वतंत्र शब्द लिहावा, इतकें तरी मागणें जास्त होणार नाहीं.

तिसऱ्या दिवशीं रात्रीं ओटीवर निकालाची वेळ आली. आम्हीं आपलें मत सांगितलें. बुजवूं नये, खोल खणूंहि नये. बेशरम मुळासकट काढावें. शेजाऱ्याच्या अंगाला सांडवा थोडा खालीं घ्यावा, म्हणजे त्याची तूर चिबडणार नाहीं आणि त्याचें भांडणहि सरेल. डांसांसाठीं अळ्या खाणारे देशी मासे पाण्यांत राहतील असें पाहावें, कांठ स्वच्छ ठेवावा, आणि बाळाला मच्छरदाणींत निजवावें. कारण तळें बुजविलें तरी डांस टायरांत आणि मडक्यांत होतातच. तीन पावसाळे असें करून पाहावें आणि मग फिरून बसावें. सूनबाईंनीं मच्छरदाणीच्या अटीवर संमति दिली. थोरले चिरंजीव बराच वेळ बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "ठीक आहे. तीन वर्षें राखूं. पण हिशेब मी ठेवणार. किती खर्च झाला, किती पीक बुडालें, तें पै न् पै लिहीन. उद्यां कोणी म्हणूं नये कीं हें फुकट झालें." आम्हांस त्यांचा हा बाणा आवडला. आजवर असा हिशेब कोणीं ठेवला नाहीं, म्हणूनच कचेरींत रकाना नाहीं.

परतीच्या वाटेवर वर्धेच्या पुलावर आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "तीन वर्षांनीं मुलानें ऐकलें नाहीं तर?" याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, आणि आजहि नाहीं.

फाल्गुनांत स्नेह्यांचें पत्र आलें. बेशरम काढावयास पंधरा दिवस मजूर लागले. निम्मी जागा मोकळी झाली, निम्मी पुढच्या उन्हाळ्यांत. शेजारी यंदां भांडला नाहीं. कमळपक्षी मात्र दिसला नाहीं. गजबजीनें गेला असावा. चिरंजीवांनीं वहींत 'पोटखराबा' असें एक पान घातलें आहे. त्याची खर्चाची बाजू भरत चालली असून जमेची बाजू कोरी होती. एके दिवशीं वहिनींनीं त्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हातानें लिहिलें: "विहीर, अजून सात हात पाणी." चिरंजीवांनीं तें खोडलें नाहीं, पुढें फक्त एवढेंच लिहिलें: "रक्कम?"